पंखात उतरलेला सुब्राय

दसरा सरला, पावसानं एकदाचं तोंड फिरवलं, तरी सकाळचं धुकं काही पाठ सोडत नव्हतं. पोफळीच्या बागेतली झाडं बुंध्याकडून तेवढी दिसत आणि वर शेंडेच नाहीत. पाटी कुणीतरी ओल्या फडक्यानं वरून अर्धी पुसून ठेवावी तसं. सुब्राय हेगडे त्या अर्ध्या झाडांमधून वाकून वाकून गळलेल्या विऱ्या, म्हणजे झावळ्यांच्या देठाकडची रुंद सालं, गोळा करत होता. हात विऱ्यांवर, डोळे आभाळाकडे.

"ये की रे बाबा सूर्या," तो मधेच मान वर करून म्हणायचा. "एरवी रोज येतोस, आजच काय मुहूर्त बघतोस?"

मुहूर्त सूर्यानं नाही, तिम्मण्णमावानं बघितला होता. माव म्हणजे आईचा भाऊ, सुब्रायचा सख्खा मामा. त्याच्या खटपटीनं आज हुबळीहून एक मुलगी सुब्रायला बघायला येणार होती.

हो, मुलगीच. आमच्या शिरसीकडं आता असंच चालतं. बाग आहे, विहीर आहे, गोठ्यात गाई आहेत, वर कौलं शाबूत आहेत, एवढं सगळं असलेल्या मुलाला मुली म्हणतात, "बाकी सगळं छान हो, पण गाव?" त्या 'पण'पाशी गावोगावचे मुलगे चाळिशीला टेकले. आयांनी इतके नवस बोलून ठेवलेत की देवळापुढून जाताना देवच ओशाळून बाजूला बघत असेल. तेव्हा एखादी मुलगी नुसती यायला तयार झाली, की घरोघर तोडदेवं, म्हणजे उसाच्या रसाची कागदासारखी पातळ गोड धिरडी होतात, अंगण सारवलं जातं आणि मुलाला दोनदा आंघोळ घालतात. सुब्राय सदतीस वर्षांचा होता, पण आईच्या तोंडी अजून 'माणी'च, म्हणजे पोरगा. "माणी, कानामागं घास," हे तिनं सकाळपासून तीनदा सांगितलं होतं.

त्यात ही मुलगी नुसती बघायला येत नव्हती. खोटं पकडायला येत होती.

त्याचं असं झालं. स्थळं जमवणाऱ्या मंडळींचा मोबाईलवर एक ग्रुप होता, त्यावर मुलाचा फोटो टाकायचा होता. सुब्रायचा एकच फोटो घरात सापडला. तो बघून तिम्मण्णमाव म्हणाला, "हा टाकला तर मुलगी नाही येणार, पोलीस येतील." मग त्यानं सुब्रायचा फोटो टाकण्याऐवजी सुब्रायनं काढलेला फोटो टाकला. पांढऱ्याशुभ्र आभाळावर एक काळंभोर फुलपाखरू, आणि त्या काळ्या पंखांच्या आत अख्खी पोफळीची बाग. बागेत डोक्यावर विऱ्यांचा भारा घेतलेली आई, मुंगीएवढी.

दुसऱ्या दिवशी हुबळीच्या नागवेणी भटचा निरोप आला. "फोटो छान. कुठल्या दुकानात करून घेतला?"

सुब्रायनं लिहिलं, "कुठंच नाही. कॅमेऱ्यातच केलाय."

"मी बॅनर छापायच्या दुकानात काम करते. दिवसभर एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवते. मला शिकवू नका."

बाई एवढी कडू का, तर तिला आधी एक स्थळ सांगून आलं होतं. फोटोत मुलाला हे दाट केस. भेटायला आला तर केस घरी राहिलेले. चौकशी केली, तेव्हा ते केस तिच्याच दुकानात, तिच्याच शेजारच्या टेबलावर उगवले होते असं कळलं. तेव्हापासून तिनं ठरवलेलं, की एका केसाइतकंही खोटं बोलणारा नवरा नको.

सुब्राय मुळात शांत गडी. पण आपल्या फुलपाखराला कुणी खोटं म्हटलं की त्याच्या अंगात येत असे. त्यानं तिरीमिरीत लिहून टाकलं, "या. तुमच्या डोळ्यांसमोर करून दाखवतो. नाही जमलं तर कषायसुद्धा न पिता परत जा." कषाय म्हणजे आमच्याकडं पाहुण्याला चहाऐवजी देतात तो धणे-जिऱ्याचा गरम काढा.

आणि ती खरंच येते म्हणाली की!

आता हा फुलपाखरांचा नाद त्याला लागला कसा, तेही ऐका. शिरसीतला एक फोटो स्टुडिओ बंद पडला, तेव्हा मालकानं कॅमेरा आणि जवळचं बघायचं भिंग असं काहीबाही सुपारीच्या बदल्यात देऊन टाकलं. सुब्रायच्या वडिलांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. घरात दोन माणसं आणि बोलायला विषय एकच, सुपारी कुजवणारा कोळेरोग. सुब्राय कॅमेरा घेऊन दुपारचा बागेत जाऊ लागला. गावात कॉम्प्युटर नव्हता, वीज यायची तीही पाहुण्यासारखी. मग फोटोला जे काही करायचं ते तिथल्या तिथं, बटण दाबायच्या आत किंवा दाबता दाबता. ती सवयच पडली. नंतर कुणी म्हणालं की हे सगळं कॉम्प्युटरवर आरामात करता येतं, तर तो म्हणायचा, "पंगत उठल्यावर मीठ वाढून काय उपयोग?"

आणि काय काय करायचा! भिंगापुढच्या साध्या काचेला कडेकडेनं बोटभर तूप फासायचा, मधे रुपयाएवढी जागा कोरी ठेवायचा. फुलपाखरू लख्ख आणि भोवतालचं रान झोपेतल्यासारखं. आई म्हणायची, "भातावर घालायला तूप नाही, आणि हा काचेला जेवायला घालतोय." भर दुपारी धुकं हवं झालं तर काचेवर हाऽऽ करून श्वास सोडायचा आणि वाफ विरता विरता बटण दाबायचा. आईची हिरवी काकणं भिंगाला चिकटवून धरायचा, की फुलपाखराभोवती उजेडाची हिरवी कडी पडायची. कधी बटण दाबून ठेवून सगळा कॅमेराच झेंडूच्या वाफ्यावरून झर्रकन ओढायचा. त्यात फुलांच्या वाहत्या रेघा व्हायच्या, आणि शेवटच्या क्षणी फ्लॅश मारला की तेवढं फुलपाखरू त्या पुरात खडकासारखं ठाम. लोकांना लांबून दिसायचं की एक माणूस झुडपापुढं गुडघे टेकून हातवारे करतोय. गावानं त्याचं नाव 'चिट्टे हेगडे' ठेवलं. चिट्टे म्हणजे आमच्याकडं फुलपाखरू. सुब्रायला ते नाव इतकं आवडलं की त्यानं गावाची सगळी मजाच घालवली.

पण सगळ्यात लाडका खेळ पंखात बाग भरायचा. त्या कॅमेऱ्यात एकाच चित्रावर दोनदा फोटो घ्यायची सोय होती. आधी फुलपाखरू असं टिपायचं की मागं लख्ख पांढरा उजेड आणि ते स्वतः कोळशासारखं काळं. मग त्याच चित्रावर दुसरा फोटो घ्यायचा, बागेचा. पांढऱ्यावर पुन्हा काही उमटत नाही, काळ्यात मात्र सगळं मावतं. बाग बरोबर पंखात जाऊन बसते. अडचण एकच होती. पहिल्या फोटोनंतर कॅमेरा दुसऱ्याची वाट अर्धा मिनिटच बघायचा. तेवढ्यात नाही दाबलं की रुसून, असेल तेवढ्यावर दार लावून घ्यायचा.

यासाठी फुलपाखरू हुकमी बसायला हवं. त्याची तजवीज सुब्रायनं केली होती. गोठ्याच्या मोरीला दगड लावून गोमूत्राची धार त्यानं अंगणाच्या उन्हातल्या कोपऱ्याकडं वळवली होती. तिथं नुसता रबरबाट. पण त्या खारट चिखलावर ऊन पडलं, की फुलपाखरांची अशी झुंबड उडायची जशी लग्नात जिलबीच्या पातेल्यावर.

तो विऱ्यांचा भारा डोक्यावर घेऊन बागेतून वर आला, तेव्हा धुकं फाटून ऊन पडलं होतं. अंगण लखलखत होतं. जरा जास्तच लखलखत होतं. त्यानं भारा धाडकन खाली टाकला.

"आयी! माझा चिखल कुठं गेला?"

शरावतीअम्मा पदर खोचून, हातात रांगोळीची वाटी घेऊन उभी होती. चेहऱ्यावर पराक्रम. "धुतला. अकरा घागरी ओतल्या. मोरीचा दगड काढला, शेणानं सारवलं, वर रांगोळी घातली. मुलीनं येऊन काय मूत बघायचं होय?"

"आयी, ती मूतच बघायला येतेय गं!"

"शिव शिव! ही कसली मुलगी?"

सुब्राय मटकन पायरीवर बसला. ज्या जागी काल निळ्या पट्ट्यांची फुलपाखरं खेटून बसली होती, तिथं आता सुबक आठ पाकळ्यांचं कमळ होतं. एक फुलपाखरू आलं, कमळावरून फिरलं, आणि चुकीच्या घरी आल्यासारखं निघून गेलं.

तेवढ्यात फाटकाशी गाडी वाजली.

आधी तिम्मण्णमाव उतरला, तोंडात पान, हात जोडलेले. मागून नागवेणीचे वडील, विघ्नेश्वर भट. भट म्हणजे आमच्या भागातले नावाजलेले ताळमद्दळेवाले, पुराणातल्या पात्रांचे वाद बसून रंगवणारे. रात्रभर बसल्या जागी रावणाची बाजू घेऊन असं बोलायचे की पहाटे लोकांना रामाची चूक पटायची. गाडीतून उतरता उतरताच त्यांचं वाक्य चालू होतं, पायऱ्या चढेपर्यंत संपलं नव्हतं. डोकं तुळतुळीत, त्यावर घामाचे मोती. आणि त्यांच्या मागून नागवेणी. उंच, सावळी, खांद्याला झोळी. तिनं कमळाकडं बघितलं, घराकडं बघितलं, मग सुब्रायकडं.

"केस खरे आहेत," ती म्हणाली.

"ओढून बघा," सुब्रायच्या तोंडून निघून गेलं. शरावतीअम्मानं डोळे वटारले. नागवेणी हसली नाही, पण हसू आवरायला तिला खाली रांगोळीकडं बघावं लागलं.

गूळपाणी आलं, पानाचं तबक आलं. कषायाचे पेले आले तसे तिनं हातानं थांबवले. "आधी फुलपाखरू. ठरलंय तसं."

"अगं पोरी," माव म्हणाला, "फुलपाखरू काय दुकानात ठेवलंय? येईल तेव्हा येईल. पी तू."

"नको. प्यायले तर मग पुढचं बोलावं लागतं."

सुब्रायनं खरं ते सांगून टाकलं. "चिखल होता. आयीनं धुतला."

"हो का? आमच्या दुकानात पण गिऱ्हाइकं असंच सांगतात," नागवेणी म्हणाली. "खरा फोटो होता, पण कुत्र्यानं खाल्ला."

शरावतीअम्माचा चेहरा पडला. आपण मुलाच्या संसारावरच अकरा घागरी ओतल्या हे तिला आता कळलं. ती तडक गोठ्यात गेली आणि गाईच्या मागं बादली धरून उभी राहिली. पण गाय काय, ती काही पाहुण्यांसमोर करीना.

मग सगळे बागेतून फिरून आले. झेंडूवर गेले, पण झेंडूवरची फुलपाखरं टेकायच्या आत उडायची. ओढ्यावर गेले, तिथं सावली. भटांचं बोलणं उतारावर चालू होतं, चढावर चालू होतं. विषय फुलपाखराचा होता, तो जटायूवर गेला, जटायूवरून हुबळीच्या पाणीपुरवठ्यावर. परत अंगणात येईपर्यंत ते घामानं निथळत होते. ओट्याच्या कडेवर उन्हातच बसले आणि म्हणाले, "एकूण काय, कलियुगात प्रत्यक्ष प्रमाण म्हणाल तर—"

"अप्पय्या, गप्प!" नागवेणी ओरडली.

भटांना उभ्या आयुष्यात वाक्याच्या मधे कुणी अडवलं नव्हतं. ते थक्क होऊन थांबले, आणि तेवढ्यात त्यांना डोक्यावर गुदगुली जाणवली.

टकलाच्या बरोबर माथ्यावर एक फुलपाखरू बसलं होतं. काही राजेशाही नव्हे. तपकिरी, मळकं, रोजचं. पण पंख मिटून शिडासारखे उभे केले होते आणि सोंड लावून भटांचा घाम असा पीत होतं जसा वर्षाचा उपास आजच सुटला.

"हलू नका," सुब्राय कुजबुजला. "मारायरे, अहो महाराज, तुमच्या पाया पडतो, हलू नका. बोलूही नका. बोललात की टाळू हलते."

भटांनी ओठ न हलवता "हूं" केलं. त्या एका 'हूं'मध्ये अख्खा रावण होता.

सुब्रायनं कॅमेरा उचलला, गुडघ्यांवर आला आणि कपाळावर हात मारला. भटांच्या मागं लाल भिंत, हिरवं तोरण, निळा रांजण. पांढरं काहीच नाही. "चादर! आयी, पांढरी चादर!"

"पांढरी कुठली? सगळ्या फुलाफुलांच्या!"

"मावा, तुझं धोतर?"

"माझं पानानं रंगलंय रे!"

सुब्रायनं खाली बघितलं. त्याच्या कमरेला कोरं करकरीत, आजच घडी मोडलेलं पांढरंशुभ्र धोतर होतं, लुंगीसारखं गुंडाळलेलं. त्यानं वर बघितलं. फुलपाखरू पीत होतं. त्यानं पुन्हा खाली बघितलं.

आणि सोडलं.

"माणी!" आई किंचाळली, पण फुलपाखरासाठी दबक्या आवाजात. खाली निळ्या पट्ट्यापट्ट्यांची चड्डी होती. नागवेणीनं तोंडात पदराचा बोळा कोंबला.

"धरा! आयी, एक टोक तू, एक माव. भटांच्या मागं, उन्हाच्या आड. वर. अजून वर. ताणून!"

शरावतीअम्मा आणि तिम्मण्णमाव भटांच्या मागं ते धोतर ताणून उभे राहिले. मागून ऊन आलं आणि कापड असं पेटलं की बघवेना. एका बाजूला दोघं धोतर धरून, दुसऱ्या बाजूला मुलगा नि मुलगी, मधे मुलीचा बाप. मावाला राहवलं नाही. "अंतरपाट तर झाला," तो म्हणाला, "आता मंगलाष्टकं तेवढी कुणीतरी म्हणा."

भटांचे डोळे मावाकडं वळले. डोकं नाही वळलं, हे त्यांचं मोठेपण.

सुब्रायनं श्वास धरला. भिंगात भटांचं टक्कल एखाद्या काळ्या डोंगरासारखं दिसत होतं, आणि डोंगरावर काळं शीड. उजेड मागून आला की राजाही काळा आणि रंकही काळा. त्यानं बटण दाबलं.

"झाला पहिला! आता बाग, बाग—" तो उठायला गेला आणि थबकला. बाग होती अंगणाखाली, तीस पायऱ्या उतरून. कॅमेरा अर्धा मिनिट थांबणार. समोर रांगोळी, विऱ्यांचा भारा, गाईची शेपटी. काय भरायचं पंखात?

"इकडं द्या." नागवेणीनं त्याच्या हातातून कॅमेरा काढूनच घेतला. "तुम्ही भरलंत तर मी म्हणेन आधीच भरून ठेवलं होतं. दुसरा मी काढणार. कुठलं बटण?"

"ते वरचं. पण लवकर! रुसतो तो!"

ती चार पावलं मागं सरकली. कॅमेरा बागेकडं नेला, घराकडं नेला, मग सरळ सुब्रायवर रोखला.

"मी नको! अहो, धोतर—"

"सरळ उभे राहा."

तो उन्हात सरळ उभा राहिला. वर इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली पट्ट्यांची चड्डी, आणि चेहऱ्यावर असा भाव की कुणीतरी धरणाचं दार उघडलंय आणि आता पळून उपयोग नाही. खट्‌ झालं.

दोघांनी डोकी कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या इवल्या पडद्याशी नेली. पांढऱ्याशुभ्र उजेडावर एक फुलपाखरू होतं. त्याच्या मिटल्या पंखात सुब्राय होता, कमरेपर्यंत, जरासा हललेला, डोळे विस्फारलेला. आणि कमरेखालचा सुब्राय भटांच्या टकलात उतरला होता. दोन काडीसारखे पाय आणि निळे पट्टे, बरोबर कपाळाच्या मधे.

नागवेणी खाली बसली. तिला उभं राहता येईना. हसू आधी नाकातून आलं, मग डोळ्यांतून, मग तिनं सरळ विऱ्यांच्या भाऱ्यावर डोकं टेकलं. सुब्रायला आधी लाज वाटली, मग त्यानं पुन्हा एकदा फोटो बघितला आणि तोही तिच्या शेजारी बसला. शरावतीअम्मानं एका हातानं धोतराचं टोक धरून वाकून बघितलं. "माणी, तुझे पाय भटांच्या डोक्यात काय करतायत?" ती घाबरून म्हणाली, आणि मग तिच्याही हातून टोक सुटलं.

बऱ्याच वेळानं कुणाच्या तरी लक्षात आलं की भट अजून तसेच बसलेत. ताठ, ओठ मिटून, समोर बघत. फुलपाखरू कधीच उडून गेलं होतं.

"अप्पय्या, हललं तरी चालेल."

भटांनी श्वास सोडला. "—प्रत्यक्ष प्रमाण म्हणाल तर," त्यांनी वाक्य तिथूनच उचललं, "ते मिळालं का?"

"मिळालं." नागवेणीनं डोळे पुसले. "हे खोटं असूच शकत नाही अप्पय्या. असला फोटो कुणी मुद्दाम नाही करणार." मग ती शरावतीअम्माकडं वळली. "कषाय गार झाला असेल ना? गरम करून आणा. आता पिते."

स्वयंपाकघरात जाताना शरावतीअम्मा उंबऱ्याला ठेचकाळली, पण तिला लागलं नाही.

कषाय झाला. तोडदेवं झाली. भटांनी तो फोटो लांबून बघितला, जवळून बघितला, आणि आपल्या कपाळात कुणाचे पाय लिहिलेत हे पूर्वजन्मीचं संचित कसं असतं यावर ते खूप वेळ बोलले. नागवेणी मधेच म्हणाली, "अप्पय्या, मला पसंत आहे. तुम्ही चालू ठेवा." त्यांनी चालू ठेवलं.

निघताना गाडीत बसण्याआधी ती सुब्रायजवळ आली. तो एव्हाना धोतर नेसला होता, उलटं. "तो फोटो कुणाला द्यायचा नाही," ती म्हणाली. "आपली पत्रिका मी त्याच्यावर छापणार आहे. हात न लावता. जसा आहे तसा."

"चड्डीसकट?"

"चड्डी काढायला कॉम्प्युटर लागतो," ती म्हणाली आणि गाडीचं दार लावून घेतलं.

गाडी वळणाआड गेली तरी सुब्राय फाटकाला धरून उभाच. मागून आईचा आवाज आला.

"माणी! उभा काय राहिलास? त्या विऱ्या सकाळपासून तिथंच कुजतायत. ऊन आहे तोवर पसरून टाक. आणि मोरीला तो दगड परत लाव बाबा."

"तुझी रांगोळी वाहून जाईल, आयी."

"जाऊ दे. रांगोळी काय, उद्या घालता येते."

सुब्रायनं पायानं दगड मोरीच्या तोंडाशी सरकवला. मग धोतर गुडघ्यापर्यंत दुमडून त्यानं भाऱ्याची दोरी सोडली आणि तो एकेक विरी झटकून उन्हात पालथी घालायला लागला.